एका भिंतीचे देणे

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

वहिनी, नमस्कार.

आत्ताच दादाला डाव्या कुशीवर वळवले, पाठीमागे उशी लावली, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये चादरीची घडी ठेवली आणि लिहायला बसलो. पुन्हा वळवायची वेळ होण्याआधी पत्र संपवायचे आहे. त्याचे तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे मी काय लिहितो ते त्याला दिसत नाही. प्रेसचे काम घरी आणले आहे असे सांगितले आहे. तुम्ही नंबर बदलला आहे आणि तो मी कोणाकडे मागितलेला नाही. पत्ता वकिलांच्या पाकिटावर होता.

तुमचे घटस्फोटाचे कागद मिळाले. कपाटाच्या वरच्या खणात आहेत. दादाने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, पण सही केली नाही. तुमच्या आईंना वाटत असेल, आम्ही मुद्दाम अडवून धरले आहे. तसे नाही. तो एवढेच म्हणाला, "दोन डिसेंबर होऊ दे, मग बघू." दोन डिसेंबरला काय आहे ते सांगायला हे पत्र.

आमच्या प्रेसकडे एका मोठ्या परिषदेचे काम आले आहे. मणक्याच्या दुखापतीवर उपचार करणारे डॉक्टर बऱ्याच देशांतून येणार आहेत. गळ्यात घालायची कार्डे, दारांवरचे फलक, कार्यक्रमाची पुस्तिका, सगळे आम्हीच छापतो आणि मजकूर जुळवायचे काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवसाच्या पानावर एक ओळ आली: 'प्रात्यक्षिक – इजा पूर्ण की अपूर्ण, हे कसे ठरवावे.' त्यासाठी अशी इजा झालेली माणसे हवी होती. मी जेवणाच्या सुट्टीत परिषदेच्या कचेरीत गेलो आणि दादाचे नाव दिले.

तिथल्या सिस्टरने मला नीट समजावले. पूर्ण म्हणजे दुखापतीच्या खाली काहीच पोचत नाही. अपूर्ण म्हणजे थोडे तरी पोचते. ज्यांची इजा अपूर्ण ठरेल, त्यांची नव्या पुनर्वसन केंद्रासाठी शिफारस होईल. तिथे जागा मोजक्या आहेत, म्हणून पूर्णवाल्यांना सध्या घेणार नाहीत. मी तिला पुन्हा विचारले, म्हणजे अपूर्णच चांगले ना? ती म्हणाली, "हो हो, अपूर्णच चांगलं."

आता मुख्य गोष्ट. दादाला पायाला कळायला लागले आहे.

मी रोज सकाळी बघतो. त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकतो, कापसाचा बोळा पावलाला किंवा पोटरीला टेकवतो आणि विचारतो, "आता?" दहापैकी आठ वेळा तो बरोबर 'हो' म्हणतो. मध्येच मी कापूस न लावता नुसतेच विचारतो, तेव्हा बरोबर 'नाही' म्हणतो. त्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितले होते ते मी विसरलेलो नाही. पण त्याला आता तीन वर्षे होतील.

तुम्ही या, असे मी म्हणत नाही. म्हणायचा मला हक्क नाही. फक्त दोन डिसेंबरपर्यंत थांबा.

तुमचा,
मास्तर
(तुम्ही पाडलेले हे नाव घरात अजून चालते. प्रेसमध्येही गेले. नववी नापास मास्तर म्हणून हसतात.)


रविवार, २६ नोव्हेंबर
दुपारी

वहिनी, नमस्कार.

तुमचे पत्र शुक्रवारी आले. साडेचार ओळींचे आहे, तरी पुष्कळ आहे. 'माणूस' मधला णू तुम्ही ऱ्हस्व काढला आहे. मी तो पेन्सिलनेसुद्धा दुरुस्त केला नाही.

तुम्ही लिहिले आहे, "खरंच कळतं का त्यांना? माझी शपथ घेऊन सांगा. तपासणीत तसं निघालं तर मी एकदा येऊन बघेन. कागदांचं मग ठरवू." शपथ घेतो. कालही आठ वेळा बरोबर आले.

हे पत्र दादाला वाचून दाखवू नये असे ठरवले होते, पण पाकीट त्याने पाहिले. दोनदा वाचायला लावले. मग म्हणाला, "दाढी कर माझी."

"परवाच केली की."

"परवाची परवा. आणि पैसे कशाला पाठवले तिने?"

"गाडीसाठी. खुर्चीसकट चढता येतं अशी गाडी करा म्हणून लिहिलंय."

"आपण हातगाडी केली असती. जाता जाता भाजीही विकली असती."

खूप दिवसांनी असे बोलला म्हणून लिहिले. पैशांचा हिशोब मी वेगळा ठेवतो आहे.

तुम्ही गेल्यावर घरात काही बदललेले नाही. तुमच्या खोलीच्या तीन भिंती फिकट हिरव्या आणि चौथी नुसती पांढरी पुट्टीची, तशीच आहे. रंग तुम्ही निवडलात तेव्हा दादा म्हणाला होता, हा दवाखान्याचा रंग आहे, घरात कशाला? तरी रविवार-रविवार करून त्याने तीन भिंती केल्या. चौथ्या रविवारच्या आधीच तो त्या बंगल्याच्या परांचीवरून पडला. रंगाचा डबा आहे, पण आत साय धरून घट्ट झाला आहे. मी एकदा म्हणालो, नवा आणून मी देतो हात मारून. तो म्हणाला, "त्या भिंतीला तू हात लावायचा नाहीस."

आता एक कबूल करतो. दादाच्या कार्डावर नावाखाली 'रुग्ण' असे छापायचे होते. डॉक्टरांच्या खाली 'डॉक्टर', सिस्टरच्या खाली 'परिचारिका', तसे याच्या खाली 'रुग्ण'. मी तिथे 'रंगारी' जुळवले. मालकांच्या लक्षात आले.

"काय रे, तिथे काय भिंती रंगवायच्यात का?"

"बाकी सगळ्यांचा धंदा लिहिलाय, म्हणून याचाही लिहिला."

त्यांनी कार्ड पुन्हा वाचले. मग म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे ना? मग जाऊ दे."

दादाने कार्ड उशाशी ठेवले आहे. पाठीवर थोडी लाली आहे, जखम नाही. काळजी करू नका.

आणखी एक लिहू का? तुम्हाला वाईट वाटत असेल तर ही ओळ सोडून पुढे जा. 'कम्प्लीट' या शब्दावरून तुम्हाला लोक हसले, तुमच्या घरचेसुद्धा, ते मला कधीच पटले नाही. दादा आयुष्यभर तोच शब्द वापरत आला. खोली झाली की फडक्याला हात पुसून मालकिणीला म्हणायचा, "बघून घ्या बाई, कम्प्लीट." ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "इन्जुरी कम्प्लीट आहे." तुम्ही फोनवर तुमच्या आईंना आनंदाने सांगितलेत, काम कम्प्लीट म्हणाले, आता काळजीचं काही राहिलं नाही. या घरात तो शब्द ऐकलेल्या कोणीही तेच समजले असते. मीही तेच समजलो होतो. मी फक्त बोललो नाही, म्हणून मला कोणी हसले नाही.

शनिवारी तपासणी आहे.

मास्तर


शनिवार, २ डिसेंबर
दुपारी चार

वहिनी,

परिषदेच्या इमारतीतूनच लिहितो आहे. कागद म्हणून कार्यक्रम-पुस्तिकेची कोरी बाजू घेतली आहे. गाडी यायला वेळ आहे. दादा शेजारी खुर्चीत आहे, डोळे मिटून.

इमारत फार मोठी आहे. कुठेही पायरी नाही, सगळीकडे उतार. दादा म्हणाला, "इथं राहायलाच यावं." खालच्या मजल्यावर दुकाने मांडल्यासारखी टेबले आहेत. एका टेबलावर हाताच्या दोन बोटांनी उचलता येईल अशी खुर्ची होती. एकावर लघवीच्या नळ्या रंगीत पाकिटांत अशा मांडल्या होत्या की मला आधी पेनच वाटली. एका गादीत आपोआप हवा इकडून तिकडे जाते, म्हणजे माणसाला वळवायला नको. किंमत विचारली. ती लिहीत नाही.

खुर्चीतली माणसे डॉक्टरांमध्येही होती. एक तर व्यासपीठावर जाऊन बोलला. दादा त्याच्याकडे बघत राहिला, त्याच्या बोलण्याकडे नाही, त्याच्या बुटांकडे. नवे होते, तळ अजिबात न झिजलेले.

माझ्या फलकांत एक चूक निघाली. 'स्वच्छतागृह' मधला अर्धा च गेला आहे. कोणाच्या लक्षात आले नाही.

दादा व्यवस्थित जेवला. गाडीवाला चांगला आहे. तपासणी झाली. सविस्तर नंतर लिहितो.

मास्तर


बुधवार, ६ डिसेंबर
सकाळी

वहिनी,

काल तुम्ही प्रेसवर फोन केलात. मालकांनी तुम्हाला सांगितले की मास्तर बाहेर गेलाय. मी तिथेच उभा होतो. मीच हाताने खूण केली. तुम्ही विचारलेत, "काय निघालं तेवढंच सांगायला सांगा," आणि मालकांनी माझ्याकडे बघतच फोन ठेवला. मग म्हणाले, "हे पुन्हा माझ्याकडून करून घेऊ नकोस."

जे झाले ते क्रमाने लिहितो.

मागच्या बाजूच्या मध्यम खोलीत तपासणी होती. मध्ये उंच टेबल, त्यावर दादा, आणि भोवती खुर्च्यांवर डॉक्टर. वर कॅमेरा होता. दादाचे पाय समोरच्या पडद्यावर भिंतीएवढे दिसत होते. सकाळी मी नखे कापली होती, तरी एका बोटाचे राहून गेले होते. ते मला सारखे दिसत होते.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. हात लावण्याआधी त्यांनी तळवे एकमेकांवर घासून गरम केले. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, मधली सिस्टर सांगत होती. दादाच्या डोळ्यांवर घडी घातलेला टॉवेल ठेवला. मी त्याच्या डोक्याशी उभा होतो, कारण त्याने तसे मागून घेतले होते. बाईंनी आधी कापूस त्याच्या गालाला लावला आणि सिस्टर म्हणाली, "हे जसं लागलं, तसं कुठंही लागलं की हो म्हणायचं. कळलं का?"

दादा म्हणाला, "गालालाच कळलं नाही तर मग वांधेच आहेत."

सिस्टरने ते सांगितले आणि सगळे हसले. बाईसुद्धा. मला वाटले, चांगले चालले आहे.

छातीला हो. पोटाला बेंबीपर्यंत हो. बेंबीखाली नाही, नाही. मग पाय आले. "आता?" हो. "आता?" हो. पोटरी, घोटा, पाऊल, अंगठा, सगळीकडे हो. खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. एक तरुण डॉक्टर उठून जवळ आला. वहिनी, त्या वेळी मी तुमचाच विचार करत होतो, तुम्ही कुठल्या गाडीने याल त्याचा.

मग बाईंनी कापूस धरलेला हात वर उचलला. पायाला तो लागतच नव्हता. पायापासून वीतभर वर होता, पडद्यावरही तसाच दिसत होता. त्यांनी विचारले, "आता?"

"हो," दादा म्हणाला.

पुन्हा तसेच, कापूस हवेत. "आता?"

"हो. अंगठ्याला."

खोलीतली कुजबुज थांबली. बाई दादाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघितले. मग सिस्टरला हळूच काहीतरी बोलल्या. सिस्टर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई म्हणतात, तुम्ही जरा दाराशी जाऊन उभे राहा. आणि श्वास घ्या."

तेव्हा मला समजले की मी श्वास घेतच नव्हतो.

मी दाराशी गेलो. बाईंनी कापूस खरोखर पावलाला टेकवला. "आता?" दादा गप्प. घोट्याला टेकवला. "आता?" दादा गप्प. टॉवेलखाली त्याने मान माझी जागा होती त्या बाजूला वळवली.

"मास्तर कुठं गेला?"

पुढचा भाग पडद्याआड झाला. सिस्टर म्हणाली, निकाल खरा त्यावरच ठरतो. तो भाग मी लिहीत नाही. पडद्याबाहेर येऊन बाईंनी त्यांच्या भाषेत एक शब्द उच्चारला. सिस्टर आमच्याकडे वळून सांगायला लागली, तर दादानेच तिला थांबवले. "राहू द्या. हा शब्द मला येतो."

बाईंनी नंतर आम्हाला एका बाजूला घेऊन समजावले. दादा खोटे बोलला नाही, असे त्यांनी दोन वेळा सांगितले. असे पुष्कळांचे होते. माणसाला पायाचे कळत नसले, की तो दुसरीकडून कळून घेतो. कोणी टेबलाच्या हालण्यावरून, कोणी कपड्याच्या आवाजावरून. याने माझ्या श्वासावरून घेतले. घरी मी कापूस टेकवताना श्वास धरत असेन. कापूस न लावता विचारताना मला कसली काळजी नसे, तेव्हा श्वास चालू असणार. त्या दिवशी पायांची पाळी आल्यापासून मला सगळ्याचीच काळजी होती, म्हणून श्वास धरलेलाच होता. दोघांनाही हे ठाऊक नव्हते. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सिस्टरकडून सांगितले की घरी काळजी चांगली घेतली आहे, एवढ्या वर्षांत मोठी जखम झालेली नाही.

गाडीत दादा मला म्हणाला, "शाळेत शुद्धलेखन घालायचे तेव्हाही तू असाच श्वास धरायचास. बाबा पाठीत धपाटा घालायचे."

"मला माहीत नव्हतं दादा. आईशप्पथ."

"तुला कोण काय म्हणतंय?" मग काचेबाहेर बघत म्हणाला, "पण मला लागत होतं रे. खरंच लागत होतं."

"कसं लागत होतं?"

"कोरड्या भिंतीला ब्रशचं टोक टेकावं ना, तसं. ओढायच्या आधी."

घरी आल्यावर त्याने मला विचारले, उद्या सकाळी कापूस लावून बघायचा का, फक्त एकदा, तू तोंडावर रुमाल बांध. तीन दिवस आम्ही तसे केले. म्हणून पत्राला उशीर झाला. तुम्हाला हे सांगणार नव्हतो.

मी शपथ घेतली होती. ती खोटी ठरली, पण घेताना खोटी नव्हती.

मास्तर


शनिवार, १६ डिसेंबर
सकाळी

वहिनी, नमस्कार.

सोबत कागद आहेत. जिथे जिथे खूण होती तिथे दादाने सही केली आहे. खुर्चीत बसून, मांडीवर पाट ठेवून केली. एका पानावर अक्षर जरा खाली घसरले आहे, पण चालेल असे प्रेसमालक म्हणाले. साक्षीदार म्हणून त्यांची सही आहे.

तुमचे गुरुवारचे पत्रही मिळाले. तुम्ही लिहिले आहे, "तरी मी एकदा येऊन जाते." दादाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "तिला लिही, नको. आली तर मी पुन्हा तिच्या श्वासाकडे कान लावून बसेन." हे शब्द त्याचेच आहेत, मी फक्त उतरवले.

मग म्हणाला, "त्या दिवशी ती बरोबरच बोलली होती. डॉक्टर काम संपलं म्हणाले, तेच तिने सांगितलं. तिला हसणारे आम्ही गाढव." हे तुम्हाला आवर्जून कळवायला सांगितले आहे.

केंद्रात जागा मिळणार नाही, पण सिस्टरने हवा फिरणाऱ्या गादीसाठी एका संस्थेकडे अर्ज करून दिला आहे. अर्जात धंद्याच्या रकान्यात मी 'रंगारी' लिहिले. मी सकाळी त्याला वळवतो तेव्हा आता मुद्दाम मोठ्याने श्वास घेतो. तो म्हणतो, "रेल्वेचं इंजिन आलं."

काल मी पुन्हा विचारले, भिंत करू का? आता कोणासाठी ठेवायची? त्याने मला हिशोबाचा कागद आणायला सांगितला. मी लिहिलेला वाचून दाखवला. शेवटी मी 'बाकी काही नाही' असे लिहिले होते. ते त्याने खोडायला लावले.

"रंग तिने निवडला होता. मी तीन भिंती दिल्या. मग बाकी काही नाही कसं?"

"पण कागदांवर तर सही केलीस."

"ते कागदांचं. हे माझ्या धंद्याचं आहे. लिही."

म्हणून तसेच लिहितो.

तुम्ही पाठवले: ३,०००
गाडी, जाऊन-येऊन: २,४००
गाडीवाल्याचा चहा व थांबण्याचे: १५०
कापूस: घरातलाच होता
शिल्लक, सोबत पाकिटात: ४५०
आमच्याकडून देणे: एक भिंत, फिकट हिरवी.